तांब्याच्या पत्र्यावर ‘अग्नी’ : ब्रूगेलच्या नकलेच्या कामाच्या नोंदी

९ मार्च

काम ठरलं. अँटवर्पचा चित्रकार थोरला यान ब्रूगेल याचं ‘अग्नी’, साल १६०८, मुक्काम मिलानचं आम्ब्रोसियाना संग्रहालय. मूळ चित्र ४६ × ६६ सेंमी, तांब्याच्या पत्र्यावर तैलरंग. मी निम्म्या मापाचं करणार, म्हणजे २३ × ३३. त्याहून लहान केलं तर भांड्यांची रास रंगवता येणार नाही आणि मोठं केलं तर पत्र्याचा खर्च झेपणार नाही.

‘अग्नी’ ज्या चित्रमालेतलं आहे ती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ हा मिलानचा आर्चबिशप ब्रूगेलचा आश्रयदाता होता. त्याच्यासाठी ब्रूगेलने महाभूतांची चित्रं केली. आपली महाभूतं पाच, त्यांची चार. आकाश त्यांच्या हिशेबात नाही. काम रमतगमत चाललं : अग्नी १६०८, जल १६१४, वायू १६२१. पुढे १७९६ मध्ये फ्रेंच सैन्याने मिलान घेतलं आणि चारही चित्रं पॅरिसला गेली. नेपोलियन पडल्यावर अग्नी आणि जल परत आले. पृथ्वी आणि वायू अजून लूव्हरमध्येच आहेत.

चित्रात आग जेवढी आहे त्याच्या कितीतरी पट आगीतून निघालेला माल आहे. चिलखतं, शस्त्रं, ताटं, सुरया, काच. ब्रूगेलने आणि त्याच्या कारखान्याने हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला. हेंड्रिक व्हान बालेन या चित्रकाराच्या जोडीने केलेल्या चित्रांत व्हल्कनच्या, म्हणजे रोमन लोहारदेवाच्या, भट्टीवर त्याची बायको व्हीनस देवी आलेली असते. व्हर्जिलच्या ‘एनिड’च्या आठव्या सर्गात ती नवऱ्याकडून आपल्या मुलासाठी, एनियससाठी, शस्त्रं घडवून घेते, तो हा प्रसंग. मी मांडणी मिलानच्या चित्राची ठेवणार आणि व्हीनस-व्हल्कनची जोडी त्यात बसवणार. शुद्ध नक्कल हवी असेल त्यांनी हे करू नये.

तांबं घेण्यामागे माझा एक समज आहे : खालच्या तांब्याची झळाळी रंगातून वर येते आणि आगीला ऊब देते. हे बऱ्याच ठिकाणी वाचलंय. बघू.

१४ मार्च

पत्रा आणायला पुण्याच्या कसब्यात तांबट आळीत गेलो. एका म्हाताऱ्या कारागिरांकडे काम दिलं, पुढच्या नोंदींत त्यांना ‘काका’ म्हणतो.

मी २४ गेजचा पत्रा मागितला (गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ), स्वस्त पडतो म्हणून. काकांनी तो दोन्ही हातांत धरून हलवला, वब्-वब् आवाज झाला. “यावर काय करणार? चित्र? मग हे असं हललं की तुमचं चित्र खाली.” बरोबर आहे. तांबं लाकडासारखं दमटपणाने फुगत नाही, कापडासारखं सैल पडत नाही, पण वाकलं की वरचा रंग टवके होऊन सुटतो. २० गेज घेतला, सुमारे ०.९ मिमी. या मापात सहाशे ग्रॅमच्या वर वजन भरतं. पत्रा, तोडणावळ आणि सपाट करून घेण्याची मजुरी मिळून ₹ ८५०.

पत्रा गुंडाळीतून आलेला असतो, त्यामुळे त्याला बाक असतो. काकांनी तो लाकडी मोगरीने ओंडक्यावर ठोकून सरळ केला. लोखंडी हातोडा मुद्दाम घेतला नाही, त्याचे ठसे उठतात.

मग त्यांनी विचारलं, “मागे नाव घालू?” आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तसं. मी आधी नको म्हणालो. मग आठवलं की अँटवर्पचा पीटर स्टास नावाचा तांबट आपल्या पत्र्यांच्या मागे शिक्का उठवायचा, आणि ब्रूगेलची काही चित्रं त्याच्या पत्र्यांवर आहेत. त्या शहरात तांब्याचे पत्रे मुबलक होते, कारण ताम्रपटावर कोरून चित्रं छापण्याचा धंदा तिथे जोरात होता. तर म्हटलं, घाला. काकांनी स्वतःची दोन अक्षरं ठोकली. पुढच्या बाजूने लगेच दोन पुळ्या दिसायला लागल्या, त्या परत मोगरीने बसवाव्या लागल्या. कुणाला शिक्का हवाच असेल तर तो अगदी कडेला, चौकटीच्या खाली जाईल अशा जागी घ्या आणि अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देण्याआधी घ्या.

१६ मार्च

पत्रा घासला. घरात तांब्याची भांडी घासतात तसाच : चिंच आणि मीठ. लख्ख गुलाबी निघाला. पाण्याने धुतला, फडक्याने पुसला, कपाटावर उभा ठेवला.

२१ मार्च

पत्र्यावर कडेने हिरवे ठिपके आले आहेत आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला आहे, रेषान्‌रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

ठिपके मिठाचे. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक चरांत बसतं, वरवर धुतल्याने जात नाही, आणि हवेतल्या ओलाव्याने तिथून गंज सुरू होतो. रोज वापरायच्या भांड्याला याने काही होत नाही, ते रोज घासलं जातं. चित्राच्या खाली गेलेला ठिपका मात्र पुन्हा हाताशी येणार नाही. अंगठा हा घामाचा आणि तेलकटपणाचा.

पुन्हा सगळं घासावं लागणार. अजून रंगाचा एक थेंब लागलेला नाही.

२४ मार्च

मध्ये एक आडवाट केली. कॅनव्हासला अस्तर म्हणून लावतो तो पाण्यातला अ‍ॅक्रिलिक जेसो घरात पडून होता. पत्र्याच्या कापलेल्या तुकड्यावर लावून बघितला. वाळल्यावर नखाने कोपरा उचलला तर अख्खा थर प्लास्टिकच्या कागदासारखा सोलून आला आणि खालचं तांबं काळपट निळं झालेलं. अ‍ॅक्रिलिकमध्ये थोडा अमोनिया असतो, आणि अमोनिया तांब्याला खातो. शिवाय धातूत जिरायला जागा नाही, थर नुसता वर बसलेला असतो. तुकड्यावर करून बघितलं हे एक बरं झालं.

३० मार्च

नव्याने सफाई, या वेळी रीतसर. क्रम असा :

आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून, गोल गोल फिरवत. सरळ रेषेत घासला तर चरे एकाच दिशेने पडतात आणि पातळ रंगातून दिसतात. मग प्युमिस दगडाची पूड ओल्या फडक्यावर. हिरव्या ठिपक्यांच्या जागा लख्ख गुलाबी होईपर्यंत. मग साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुऊन लगेच केस वाळवायच्या यंत्राने कोरडा. शेवटी अ‍ॅसिटोन, स्वच्छ फडकं दर वेळी बदलून, फडक्यावर काही दिसेनासं होईतो. इथून पुढे हातमोजे. अ‍ॅसिटोन खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून लांब.

त्यानंतर लसूण. जुन्या पाकृतींत पत्र्याला लसूण चोळायला सांगितलंय. पाकळी अर्धी कापून सबंध पत्र्यावर फिरवायची, रस चिकट होऊन वाळतो. रंगाची पकड सुधारते म्हणतात. मी दोन तुकडे करून पाहिले, एक लसणाचा, एक बिनलसणाचा. लसणाच्या तुकड्यावर अस्तर सरकत नाही, एकसारखं पसरतं. बिनलसणाच्या तुकड्यावर ते जागोजागी आकसून थेंब धरतं. तेवढ्यासाठी तरी लसूण चोळावा. घरच्यांनी दोन दिवस नाक मुरडलं.

४ एप्रिल

अस्तर. जुने लोक शिशाचा सफेदा तेलात घोटून, त्यात जरा अंबर (तपकिरी मातीचा रंग) घालून लावत. शिशाचा सफेदा विषारी आहे आणि घरात लहान मूल आहे, तेव्हा तो बाद. झिंक व्हाइटही टाळला, त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो आणि पत्र्यावर तर लवकर तडकतो. टायटॅनियम व्हाइट, किंचित रॉ अंबर, किंचित पिवडी, रंग लवकर वाळवणाऱ्या अल्कीड माध्यमाचे थोडे थेंब. रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा यायला हवा.

ब्रशने पातळ लावायचा आणि मग तळहाताच्या उशीने थोपटायचा. (हातमोजा घालून.) ब्रशच्या रेषा मोडतात आणि अगदी बारीक दाणा उठतो, ज्यावर पुढचा रंग धरतो. थोपटताना थर जेवढा पातळ करवेल तेवढा करायचा. माझा पहिला थर जाड झाला होता. पुसून काढला, अ‍ॅसिटोनने पुसलं, पुन्हा लसूण.

दुसरा थर आठवड्याने.

इथेच तांब्याच्या झळाळीबद्दलचा माझा समज गेला. अस्तर अपारदर्शक आहे. त्यातून तांबं दिसणार कुठून? म्हणून एका तुकड्यावर ज्वाळेची जागा अस्तराशिवाय मोकळी ठेवून वर नुसता पातळ नारिंगी फिरवला. समोरून बघितलं तर ती जागा सगळ्यांत काळोखी. उघडा धातू एका कोनात चमकतो, बाकी सगळीकडून तपकिरी दिसतो. आणि तेलातली आम्लं तांब्याशी लागून हळूहळू हिरवी छटा येते ती वेगळीच. तांब्याचा फायदा झळाळी हा नाहीच. फायदा असा की पृष्ठभाग काचेसारखा सपाट असतो, कापडाची वीण आड येत नाही, तेल शोषलं जात नाही, आणि केसाएवढी रेषा केसाएवढीच राहते. ब्रूगेलसारख्या बारीक हाताच्या माणसाला दुसरं काय हवं होतं?

२० एप्रिल

अस्तर पुरतं वाळलं. रेखाटन उतरवलं. छापील प्रिंटवरून ट्रेसिंग, मागे पिवडीची पूड चोळून, वर टोकदार काडीने गिरवून. पेन्सिल नको, ग्रॅफाइट वरच्या फिकट रंगातून कालांतराने डोकावतं.

३ मे

तपकिरीतलं खालचं काम झालं. बर्न्ट अंबर आणि बोन ब्लॅक, टर्पेंटाइनमध्ये पातळ. कमानी, गुहेसारखा अंधार, भट्टीची जागा मोकळी. इथे काम भराभर होतं आणि चित्र झालंच असं वाटतं. त्यावर जाऊ नका.

२५ मे

भांडी. हे प्रकरण जिवावर आलं.

पहिली चूक पडद्याची. मी संग्रहालयाचा मोठा फोटो लॅपटॉपवर उघडून समोर ठेवत होतो. पडद्याला मागून उजेड असतो, त्यामुळे अंधारातलीही भांडी स्वच्छ दिसतात. तसंच रंगवत गेलो आणि सगळी रास दिवसाढवळ्या बाजारात मांडल्यासारखी झाली. प्रिंट समोर लावला, लॅपटॉप बंद केला, आणि मागच्या दोन आठवड्यांतल्या कामावर पातळ अंबरचा हात फिरवला. बरंच ताळ्यावर आलं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कळलीच नसती. पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यासाठी तांबट आळीत गेलो होतो, सोबत प्रिंट आणि माझ्या कामाचा फोटो. काकांनी प्रिंट चष्मा वर करून, नाकाजवळ धरून बघितला. चित्राचं नाव, साल, कुणी काढलं, काही विचारलं नाही.

“हे ओतीव आहे,” एका सुरईवर बोट ठेवून म्हणाले. “हे मठारलेलं. हे पण मठारलेलं. आणि हे तुम्ही काय केलंय?”

“तेच भांडं आहे काका.”

“तेच कसं? त्यांच्यात बघा, ठिपका, ठिपका, ठिपका. तुम्ही सलग पट्टा ओढलाय. पट्टा ओतीव भांड्याला येतो, घोटून गुळगुळीत केलं की. मठारलेल्या भांड्याला प्रत्येक ठोक्याचं आपलं वेगळं तोंड असतं, उजेड तुटून येतो.” आणि समोरचा अर्धवट ठोकलेला बंब उजेडात फिरवून दाखवला. शंभर लहान लहान आरसे होते त्यावर, प्रत्येकात दुकानाच्या दाराचा एकेक तुकडा.

घरी येऊन भिंगाखाली प्रिंट बघितला. ठिपकेच आहेत, आणि प्रत्येक ठिपक्याची भट्टीकडची कड जरा नारिंगी. चिलखतांना मात्र लांब सलग चकाकी आहे, कारण ती घासून आरशासारखी केलेली. म्हणजे हा माणूस प्रत्येक वस्तू कशी बनली ते जाणून रंगवत होता. मी ‘धातू’ नावाचा एकच पदार्थ रंगवत होतो.

सात भांडी खरवडून पुन्हा केली. ट्रिपल झीरोचा ब्रश, पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, माध्यम जवळजवळ नाहीच, म्हणजे ठिपका उभा राहतो. मूळ चित्रकारांच्या हाताशी शिसं-कथिलाचा पिवळा होता. त्याऐवजी मी कॅडमियम यलो लाइट, पांढरा आणि पिवडी वापरली. जुळतं, पण जरा भडक. पिवडी वाढवली.

२२ जून

माणसं. व्हल्कनची पाठ मला जमत नाही हे दोन वेळा पुसल्यावर मान्य केलं. कॉलेजातला एक मित्र मनुष्याकृतीत पक्का आहे, त्याला बोलावलं. “अरे, तू भांडी घास, मी माणसं बघतो,” म्हणाला, आणि तीन संध्याकाळींत व्हल्कन आणि व्हीनस दोघांना उभं केलं.

यात कमीपणा काही नाही. अँटवर्पमध्ये ही रीतच होती. रोमच्या डोरिया पाम्फिली संग्रहात चार महाभूतांची जी मालिका आहे ती ब्रूगेल आणि व्हान बालेन या दोघांची : निसर्ग आणि वस्तू एकाच्या, आकृती दुसऱ्याच्या. रुबेन्सबरोबरही ब्रूगेलने अशीच भागीदारी केली. फक्त एक पथ्य पाळावं, दोघांनी माध्यम एकच वापरावं. मित्र अक्रोडाचं तेल घेऊन आला होता, माझं जवसाचं. वाळण्याचा वेग वेगळा, म्हणून त्याचं बाजूला ठेवलं.

त्याने व्हीनसच्या कातडीवर भट्टीचा लाल उजेड टाकला होता तो मी काढायला लावला. ती उंबऱ्यापाशी आहे, तिथे उजेड बाहेरचा. थोडा वाद झाला. अजूनही त्याला पटलेलं नाही.

१३ जुलै

पाऊस. काम बंदच म्हणायचं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत हाताला लागेनासा होणारा रंग आठवडा उलटला तरी चिकट. त्यात दिव्याभोवतीची पाखरं. एक पाखरू व्हीनसच्या खांद्यावर चिकटलं, ते चिमट्याने काढताना रंग निघाला. आता पत्रा ओल्या कामाच्या वेळी तोंड खाली करून, चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून खोक्यात ठेवतो, वर साठ वॅटचा बल्ब खोक्याबाहेर चालू. दमटपणा कमी होतो. मागची उघडी बाजू काळवंडत होती, तिला मेणाचा पातळ हात दिला.

१७ ऑगस्ट

ज्वाळा शेवटी ठेवली होती. कॅडमियम ऑरेंज भरून घेतला, जाड, उत्साहात. चित्रावर स्टिकर चिकटवल्यासारखी दिसली. तीन दिवस तशीच ठेवून बघितली, सुधारणार कशी?

पॅलेट नाइफने खरवडून अस्तरापर्यंत गेलो. मग उलट्या बाजूने सुरुवात : ज्वाळेला हात न लावता तिच्या भोवतीचा अंधार आणखी गडद केला, काळ्यात थोडा तांबडा लेक (पारदर्शक रंग) मिसळून, पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन. तिसऱ्या थरानंतर मोकळं फिकट अस्तरच पेटल्यासारखं दिसायला लागलं. त्यावर फक्त कडांना पारदर्शक तांबडा, मध्ये पिवळा, आणि गाभ्यात जवळजवळ पांढरा, सगळं मिळून बोटाच्या पेराएवढं. नारिंगीची ट्यूब पुन्हा उघडावीच लागली नाही.

लेकसाठी अ‍ॅलिझरिन घेऊ नका, उजेडात उडतो. क्विनाक्रिडोनचा तांबडा टिकतो.

५ ऑक्टोबर

चौकट. एका दुकानात दिलं तर तिथल्या पोऱ्याने पत्रा चौकटीत बसवून मागून खिळे तिरपे ठोकायला घेतले, कॅनव्हासला ठोकतात तसे. एक कोपरा वाकला आणि वरचा नखाएवढा रंग गेला. दोष माझाही, मी समोर उभा असून बोललो नाही. कोपरा सरळ केला, अस्तरापासून भरून काढला. आता चौकटीच्या खाचेत बुचाच्या पट्ट्या, त्यावर पत्रा, मागे पातळ प्लायवूड आणि स्क्रू फक्त प्लायवूडला. पत्र्याला कुठेही दाब नाही, तरी तो हलतही नाही.

वार्निश एवढ्यात नाही. पातळ भाग वाळले असले तरी भांड्यांवरचे उभे ठिपके आतून ओले आहेत, एप्रिलनंतर बघेन.

खर्चाचा हिशेब, कुणाला उपयोगी पडला तर : पत्रा आणि मजुरी ₹ ८५०, प्रिंट ₹ ६००, रंग नवे घेतले तेवढे ₹ ३,४००, तीन बारीक ब्रश ₹ ७५० (दोन झिजून गेले, धातूवर ब्रश लवकर झिजतो), अ‍ॅसिटोन, प्युमिस, पॉलिश पेपर, हातमोजे मिळून ₹ ५५०, चौकट ₹ १,३००. मित्राने पैसे घेतले नाहीत, दोन वेळा मिसळ खाल्ली. पुन्हा करायचं झालं तर पत्रा २० ऐवजी १८ गेजचा घेईन, आणि काम दिवाळीनंतर सुरू करेन, म्हणजे पावसाआधी उरकतं.

काकांना चित्र दाखवून आणलं. भांड्यांपैकी एक अजून त्यांना पसंत नाही, त्याच्या काठाला मी जाडी दिलेली नाही म्हणाले. मठारलेल्या भांड्याचा काठ दुमडलेला असतो. तो दुरुस्त करायचा आहे, वार्निशच्या आधी.